बाहेरची कडी

शेवटचा स्क्रू आवळता आवळता कुलूपवाल्याचा हात थांबला. झोपायच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी त्याने वीस वर्षांत कधी बसवली नव्हती. ज्यांनी बोलावलं ते निवृत्त मास्तर शेजारीच उभे होते. आतल्या माणसाला काही केल्या बाहेर पडता येता कामा नये, असं त्यांनी तीनदा बजावलं होतं.

ते चहा करायला वळले, तेव्हा त्यांची बायको पुढे आली. तिच्या मनगटावर चार बोटांचे निळे वळ होते.

"आतून जोर लावला तर निघणार नाही ना?" तिने हळूच विचारलं.

"नाही निघायची," तो बोलून गेला.

नंतर दोन दिवस त्याचं कामात लक्ष लागेना. एकच किल्ली दोनदा चुकीची कापली. घरी आपल्या बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, लोकांच्या घरात डोकावणं हा काही आपला धंदा नाही. मग भांडी आवरता आवरता तिनेच विचारलं, की वळ नक्की बोटांचेच होते का. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. स्वतःच्या हाताने चहा करून देणारा माणूस बायकोला कोंडेल? आणि कोंडत असेल, तर तीच बाई कडी पक्की आहे का, असं कशाला विचारेल? काहीच उलगडेना. कडी मात्र त्याच्या हातची होती.

तिसऱ्या दिवशी तो पोलीस चौकीत गेला. हवालदारबाईंनी वही पुढे ओढली.

"पाहिलंत काय ते आधी सांगा. वाटलं काय ते मागून."

पाहिलेलं दोन ओळींत संपलं. वाटलेलं संपेना. बाईंनी तेही ऐकून घेतलं. तुमचं नाव कुठे येणार नाही, तुम्ही घरी जा, असंही त्या म्हणाल्या. पण तो त्यांच्या मागोमाग निघाला.

दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. आतल्या खोलीची कडी लावलेली होती आणि दारावर कोणीतरी अदबीने टकटक करत होतं. हवालदारबाईंनी कडी काढली. दारात मास्तर उभे होते. केस नीट विंचरलेले, सदऱ्याची बटणं वरखाली.

त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि बायकोकडे वळले.

"बाई, आमची मंडळी कुठे गेली हो?"

"येतीलच इतक्यात," ती म्हणाली.

मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. एखादी सकाळ त्यांची लख्ख असते, सगळं आठवतं. तशाच एका सकाळी त्यांनी स्वतःहून या मिस्त्रींना बोलावलं. त्याआधी ते भर रहदारीत जाऊन उभे राहिले होते. ती ओढून आणायला गेली, तर परक्या बाईने धरलं म्हणून त्यांनीच तिचा हात पिरगळला. कडी फक्त तिच्या अंघोळीपुरती, स्वयंपाकापुरती.

"तुम्ही सांगितलंत का?" तिने कुलूपवाल्याला विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली. ती रागावली की नाही, ते त्याला कळलं नाही.

"तक्रार द्यायचीय?" हवालदारबाईंनी विचारलं.

"कुणावर?"

माणसाला असं कोंडणंही बरं नाही, उद्या आग लागली तर काय, असं हवालदारबाई म्हणाल्या. कुठे मदत मिळते ते विचारते, पण आधी हे सगळं लिहून घ्यावं लागेल.

"लिहायला वेळ लागेल?"

"लागेल थोडा."

"म्हणजे तुम्ही दोघं आहात अजून?" तिने विचारलं. "मग मी जरा पडते."

ती खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मास्तर हवालदारबाईंच्या समोर बसले. वहीतलं अक्षर त्यांनी वाकून पाहिलं.

"कितवीत आहेस?"

"सातवीत."

"रेघ सोडून लिहू नकोस."

बाईंचं लिहून कधीच संपलं होतं. तरी त्यांनी पान उलटलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून, रेघ न सोडता, सावकाश लिहायला घेतलं. कुलूपवाल्याने बंद दाराकडे पाहिलं, चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि तोही खुर्ची ओढून बसला.