धाकटीने निवडलेलं ऑइल

आमच्या गॅरेजात दहा वर्षं एकच गोष्ट माझी होती. शर्यतीच्या बाइकमध्ये कुठलं ऑइल घालायचं, हे सासरे फक्त मला विचारायचे. नवऱ्यालासुद्धा नाही. जुनं ऑइल दोन बोटांत चोळून मी इंजिनची तब्येत सांगायचे आणि ते मुकाट्याने ऐकायचे.

मग धाकटी जाऊ आली. मोटारींच्या ऑइलच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काम केलेली, दिसायला बरी, बोलायला त्याहून गोड. आल्या आल्या तिने सासऱ्यांपुढे तक्ते मांडले. कुठलं ऑइल किती तापल्यावर पातळ होतं, कुठलं घर्षण किती कमी करतं. सासरे चष्मा लावून वाचायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी चष्मा शोधला नव्हता. जळफळाट झाला माझा, लपवू कशाला?

नणंदेची मोठी शर्यत आठवड्यावर आली. पहिल्या तिघांत आली तर ती वरच्या गटात जाणार होती. वर्षभर तिने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

"यंदा ऑइल धाकटी निवडेल," सासरे जेवताना म्हणाले.

शर्यतीच्या सकाळी धाकटीने नवा डबा माझ्यापुढे धरला. "ताई, हे बघा. पूर्ण सिंथेटिक, सगळ्यात कमी घर्षण. ठीक आहे ना?"

लेबल वाचलं आणि चूक माझ्या लक्षात आली. ते मोटारीचं ऑइल होतं. मोटारीचा क्लच ऑइलपासून लांब, कोरडा असतो. आमच्या बाइकचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला. त्यात एवढं निसरडं ऑइल गेलं, की क्लचच्या चकत्या एकमेकींना धरणारच नाहीत. प्रयोगशाळेत बाइक कुठून असणार!

एक वाक्य पुरलं असतं.

"तू निवडलंस ना, मग झालं," मी म्हणाले आणि नटबोल्टचे पाने पुसत बसले. होऊ दे हिची फजिती, म्हटलं.

तिसऱ्या फेरीपर्यंत नणंद पुढे होती. मग इंजिन नुसतंच किंचाळायला लागलं आणि बाइक रेंगाळायला. एकेक जण तिला मागे टाकून गेला. ती शेवटून दुसरी आली. हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा रडून लाल झाला होता. फजिती धाकटीची व्हायची होती, नणंदेचा मी विचारच केला नव्हता.

सासऱ्यांनी डबा उलटसुलट करून वाचला आणि काय ते समजले.

"चूक माझीच आहे," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "पण मी ताईंना दाखवलं होतं. त्यांनी अडवलं नाही, म्हणून निर्धास्त होते."

सासरे माझ्याकडे वळले. "तुला माहीत नव्हतं?"

नणंद माझ्याकडे बघत होती.

"नाही हो," मी म्हणाले. "मला कुठलं एवढं कळतंय?"

सासऱ्यांनी ते खरं मानलं. धाकटीने डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला. "असू दे, ताई. मी पहिल्यापासून शिकते. तुम्हालाही शिकवते."