बिनझाकणाचा पेला

डॉक्टर लोरेंट्सनं तारेचं टोक बेडकाच्या तुटक्या पायाला लावलं, तशी त्या पायानं वाल्बुर्गाच्या स्वयंपाकाच्या टेबलावर लाथ झाडली. सलगमाची सालं खाली सांडली.

वाल्बुर्गा दचकली नाही. जल्लादाची बायको म्हणून तीस वर्षं काढलेली आणि आता जल्लादाची आई असलेली बाई बेडकाला काय दचकणार. तिनं सालं उचलली आणि खुर्ची पुढं ओढली.

"पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं. तांब्याच्या आणि जस्ताच्या चकत्यांची वीतभर चळत, मधेमधे मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी. एवढंच. वीज त्यातूनच यायची.

"याला दुखतं?"

"मेलाय तो, बाई."

"ते दिसतंय मला. दुखतं का, ते विचारलं."

लोरेंट्सनं तार खाली ठेवली. सव्वीस वर्षांचा, विद्यापीठात नवा. "माहीत नाही," म्हणाला, आणि प्रश्न वहीत उतरवून घेतला. हे तिला आवडलं.

हीच तार लावून बघायला त्याला शुक्रवारचं प्रेत हवं होतं. शुक्रवारी तिचा मुलगा फाइट एका घोडेचोराला फाशी देणार होता, आणि उतरवलेलं प्रेत जल्लादाच्या घरचं, असा रिवाज. त्यासाठीच डॉक्टर मागच्या दारानं आला होता. पुढच्या दारानं इथं कुणी येत नसे. या घरात शिवाशिव झालेला माणूस गावात वाळीत पडायचा. खानावळीत सगळ्यांच्या बिअरच्या पेल्यांना कथलाची झाकणं. जल्लादाच्या घरचा तेवढा बिनझाकणाचा, कोपऱ्यात साखळीला टांगलेला.

"समजा, उठला तो," वाल्बुर्गा म्हणाली. "मग माझ्या पोरानं त्याला परत लटकवायचा?"

"तो... कायद्याचा प्रश्न झाला."

"बरं. राहील कुठं? फासावरून उतरलेल्याला जेवायला कोण वाढेल?"

लोरेंट्सनं हाही प्रश्न वहीत उतरवला. याचा विचार त्यानं केलाच नव्हता.

आतल्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं. डॉक्टरनं मान वळवली.

"सून माझी, अफ्रा. पहाटेपासून अडलीय. मूल आडवं आहे. दाईला दोनदा निरोप धाडला, तर म्हणे पाय मुरगळलाय. मागच्या खेपेलाही मुरगळला होता. ते पोर परसात पुरलंय."

"तुम्ही तर हाडं बसवता म्हणे."

"अख्ख्या गावाची बसवलीत. तेवढ्यापुरते येतात, तुमच्यासारखे, मागून." तिनं गाठी आलेली बोटं टेबलावर पसरली. "पण मूल फिरवायला ही वळत नाहीत आता. प्रेत तुमचं. आत जा."

"मी मेणाच्या पुतळ्यावर शिकलोय."

"मग तिला मेणाची समजा."

तो उठला, पण त्याची नजर मागच्या दाराकडे होती. "हे बाहेर कळलं, तर मला विद्यापीठात कुणी उभं करणार नाही."

"मेलेल्याला हात लावलात तर विद्वान," वाल्बुर्गा म्हणाली. "जिवंतीला लावलात तर बाटलात."

आत अफ्रा पुन्हा कण्हली. डॉक्टरनं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि गरम पाणी मागितलं.

तासाभरानं मुलगी झाली. निळी, गप्प. डॉक्टरची नजर दारातून टेबलावरच्या चळतीकडे गेली, ते वाल्बुर्गानं पाहिलं. मग तो खाली वाकला, त्या एवढ्याशा तोंडावर त्यानं तोंड ठेवलं आणि हलकेच फुंकर घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पोरगी अशी काही रडली की फाइट परसातून धावत आला.

सामान आवरून डॉक्टर निघाला तो थकव्यात पुढच्याच दारानं. समोर दाईचं घर. पाय मुरगळलेली दाई खिडकीत ताठ उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाइट आणि वाल्बुर्गा पोरीच्या नावानं एक पेला घ्यायला खानावळीत गेले. कोपऱ्यातला बाक त्यांचा. लोरेंट्स आत आला, तसा गलका थांबला. खानावळवाल्यानं फळीवरून डॉक्टरचा पेला काढला, सुरी घेतली, बिजागरीची खीळ उचकटली आणि झाकण वेगळं करून समोर टेबलावर ठेवलं. मग पेला भरून पुढं सरकवला.

डॉक्टर पांढरा पडला. वाल्बुर्गानं वाट पाहिली. आता हा पाठ फिरवणार.

त्यानं झाकण उचललं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं. नखानं खरवडलं. मग चकत्या होत्या त्याच खिशात टाकलं आणि पेला घेऊन कोपऱ्यात आला.

"कथील आहे," तो म्हणाला. "चळतीत चालतं का, बघायला हवं."

"बिअरचा फेस बसतोय," फाइट म्हणाला.

डॉक्टर उभाच राहिला. "तुमचा तो प्रश्न, काकू, त्याला जेवायला कोण वाढेल. रात्रभर विचार केला. उत्तर नाही सापडलं."

"शुक्रवारी येणार ना?"

"येणार."

वाल्बुर्गा बाकावर सरकली. एका माणसाला लागते त्याहून बरीच जास्त जागा झाली, आणखी एकजण मावेल एवढी.