येऊ दे

मी बोलतोय, जरा वर बघा. ओल्या टॉवेलामागे छताला आडवा टांगलेला बांबू दिसतो ना, तोच मी. आज माझ्या अंगावर घरभराचे कपडे वाळतात, पण एके काळी मी हो म्हटल्याशिवाय भलेमोठे ट्रेलर पुलाखालून जात नसत. हसू नका, खरंच सांगतोय.

आमच्या भावकीतल्या बऱ्याच जणांच्या टोपल्या झाल्या. एकाला भोकं पाडून बासरी केलं, त्याला वाचा फुटली. मला मात्र एकच शब्द येतो, टक. तोही कशावर आपटलो तरच. माझ्या धंद्यात तेवढा पुरायचा.

ट्रेलर चालवायचे भाऊजी आणि मला उभा धरून पुढे चालायचा त्यांचा मेहुणा. कारखान्यांच्या टाक्या, बॉयलर, असला अवाढव्य माल असायचा. माल चढला की मला शेजारी उभं करायचे आणि माझ्या टोकाला बांधलेली पट्टी मालापेक्षा वीतभर वर येईल अशी आवळायचे. पूल आला की मेहुणा मला घेऊन त्याच्या एकेका तुळईखालून हळूहळू चालायचा. पट्टी कुठेच लागली नाही, तर मागे वळून हाळी द्यायचा, "येऊ दे." लागली तर मी टक करायचो आणि तो हात आडवा धरायचा.

एरवी भाऊजींसमोर त्याचं सगळं अहो-जाहो. जेवून घ्या, बसून घ्या, दमला असाल. पुलाखाली शिरला की मात्र थेट "येऊ दे." भाऊजी बायकोला सांगायचे, "तुझा भाऊ घरी मला पाहुण्यासारखं वागवतो. पुलाखालीच काय तो आपलं मानतो." ती हसायची. दोघांचे डबे तीच भरून द्यायची, अगदी सारखे, तरी दोघं एकमेकांच्या डब्यात डोकावून कोणाला भाजी जास्त आहे ते बघायचे. मी ट्रेलरच्या कडेला बांधलेला, त्यांची भांडणं ऐकत पडून असायचो. काय सुखाचे दिवस होते ते!

मग तो रेल्वेचा पूल आला. ट्रेलरवर डेअरीची दुधाची टाकी होती. पुलावरच्या पाटीतला आकडा जुनाच, पण खालच्या रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले होते आणि मधली जागा कमी होत गेली होती. मेहुणा मला घेऊन आत शिरला. दुसऱ्याच तुळईला मी टक केलं. त्याचं सगळं लक्ष माझ्या टोकाकडे. तो वळून हात आडवा करणार, तेवढ्यात पुलाच्या सावलीतल्या चहाच्या टपरीवर बसलेल्या एका गिऱ्हाइकाने चहावाल्याला दोन बोटं दाखवली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "येऊ दे!"

इंजिनाच्या घरघरीत भाऊजींना तेवढंच ऐकू आलं. त्यांनी गाडी पुढे घेतली.

मेहुण्याने बाजूला उडी मारली म्हणून वाचला. टाकीचं तोंड तुळईत असं जाऊन बसलं की पुढे जाईना आणि मागेही येईना. बघ्यांची ही गर्दी झाली आणि प्रत्येक जण सल्ला देऊ लागला. शेवटी टायरमधली हवा सोडून ट्रेलर खाली बसवला, तेव्हा कुठे सुटका झाली. टाकी पार चेपली होती. त्या गिऱ्हाइकाने चहा संपवला आणि आपल्या वाटेने निघून गेला.

भाऊजी म्हणाले, "तुम्ही येऊ दे म्हणालात."

मेहुण्याला ते आजवर 'तू' म्हणत आले होते. त्या 'तुम्ही'ने तो पांढराफटक पडला. म्हणाला, मी तोंडसुद्धा उघडलं नाही. म्हणजे मी खोटं बोलतोय? भाऊजींनी विचारलं. मग मी बोलतोय का? मेहुणा म्हणाला. दोघंही खरं सांगत होते आणि ते एकट्या मला ठाऊक होतं. रस्त्यात आडवा पडलो होतो. बासरी झालो असतो तर किती बरं झालं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

बहीण बिचारी मधल्या मध्ये अडकली. "एकाच्या कानांवर विश्वास ठेवू की दुसऱ्याच्या तोंडावर?" असं तिने विचारलं. मेहुण्याने काम सोडलं आणि मला घरी आणलं. खोलीत मावेना म्हणून कापून इथे दारापाशी, दोऱ्यांनी जरा खालीच टांगलं. बहीण भावाकडे यायची ती एकटी. भाऊजी तिला सोडायचे आणि न्यायला आले की दारापुढे गाडीतच बसून राहायचे, इंजिन चालू ठेवून. त्या घरघरीत तिला चहासुद्धा धड गोड लागायचा नाही. वर्षं गेली, तिघांचे केस पिकले, पण गाडीचं भाऊजींच्या बाजूचं दार काही उघडलं नाही.

परवा असाच चहा चालला होता. गाडी बाहेर घुरघुरत होती. बहिणीने स्वयंपाकघरातून विचारलं, आणखी घोटभर देऊ का? मेहुण्याला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून तो स्वतःही मोठ्याने बोलतो. त्याने पूर्वीसारखाच आवाज लावला, "येऊ दे!"

बाहेर इंजिन बंद झालं. गाडीचं दार वाजलं. आणि भाऊजी घाईघाईने आत आले ते थेट माझ्यावर येऊन आदळले.

टक.

कपाळ चोळत ते म्हणाले, "बोलावलंस?"

"नाही हो," मेहुणा गडबडून म्हणाला. "मी चहा मागत होतो."

बहीण पातेलं हातात घेऊन दारात उभी होती. भाऊजी मेहुण्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसले.

"तिथे टपरी होती रे," ते म्हणाले. "पुलाच्या कडेला चहाची टपरी होती."

मेहुण्याने नुसती मान हलवली. बहीण मात्र रडता रडता दोघांवर अशी काही चिडली की विचारू नका. इतकी वर्षं परक्याच्या चहापायी घालवलीत, म्हणाली. आणि तिसरा कप मांडला.

माझं आता काय राहिलंय? मधे चीर गेली आहे, ओल्या चादरीखाली वाकतो. नवा बांबू आणायचं चाललंय. आणा बापडे, पण मला चुलीत घालू नका, दारामागे कुठेतरी उभं राहू द्या.

निघताना भाऊजी माझ्यापुढे येऊन थांबले. मेहुणा पुढे झाला, टॉवेल बाजूला सारला, त्यांच्या डोक्याकडे आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. भाऊजी वाकले.

"येऊ दे," तो म्हणाला.

ते माझ्याखालून गेले. मी टक केलं नाही.