फाटकावरची लाल पाटी

मर्लबाईंना ती पाटी दिसली होती आणि दिसली नव्हतीही. मोरावा गावाकडच्या जवळजवळ प्रत्येक शेताच्या फाटकावर ती असतेच: कोल्ह्यांसाठी विषारी मांस टाकलं आहे, कुत्री सांभाळा. कोकरं जन्मायच्या आधी शेतकरी ती लावतात. काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. उन्हानं फिकी पडत ती कुंपणाचाच भाग होऊन जाते.

बाईंच्या डोक्यात फुलं होती. निवृत्त झाल्या तरी शुक्रवारी त्या शाळेत जात, आणि यंदा छोट्यांना फुलांचे फोटो दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या, लॉइडच्या वावरात कागदासारख्या कोरड्या गुलाबी फुलांची चादर पसरली होती. बाई पालथ्या पडून फोटो काढत होत्या. मिंटी, त्यांची केल्पी जातीची लाल कुत्री, मोकाट हुंदडत होती.

ती झुडपाआडून आली ती ओठ चाटतच.

"काय खाल्लंस गं?" बाईंनी तिचं तोंड हुंगलं. मांसाचा वास. आणि आत्ता कुठे त्यांना पाटी दिसली.

त्यांनी गाडीतला वायरलेस रेडिओ उचलला. "लॉइड, उत्तरेच्या वावरात मांस टाकलंयस का रे?"

"मंगळवारीच टाकलं, बाई. पाटी आहे की."

"पाटी कायमच असते!"

"कुत्री सोडलीत? धुण्याचा सोडा आहे ना गाडीत? खडे घशात घाला, ओकेल ती. आलोच मी."

खडे गिळल्यावर मिंटी ओकली: गवत, गुलाबी पाकळ्या आणि कसलातरी तांबूस गोळा. विषाचं मांस की ससा, सांगता येईना. या विषाला उतारा नाही. जनावरांचा डॉक्टर दोन तासांवर. कुत्रं दमलं की विष भिनतं म्हणतात, म्हणून बाईंनी तिला गाडीत घेतलं, काचा बोटभर उघड्या ठेवल्या आणि पट्टा मुठीत धरला. बाहेर क्षितिजापर्यंत फुलं, आणि आत दोघींचे श्वास.

लॉइड मोटारसायकलवरून कुंपणाकडेनं टाकलेलं मांस तपासून आला.

"एक तुकडा कमी आहे. कोल्ह्यानं नेला असेल."

"किंवा?"

"किंवा... हो, बाई." त्यानं टोपी काढली. "फळ्यावरचं वाचलं नाही की मला उभं करायचात तुम्ही."

"आज तू मला उभं कर."

"तुम्ही बसा हो. पाटी मीसुद्धा कधी काढली नाही."

उन्हं कलली. झोपलेल्या मिंटीचे पाय एकदम थरथरले. बाईंनी डोळे मिटून घेतले. स्वप्न असेल. पहिला झटकाही असेल. हाताखालच्या बरगड्या वरखाली होत राहिल्या.

बऱ्याच वेळानं मिंटी उठली, अंग झाडलं, काचेच्या फटीत नाक खुपसलं आणि लॉइडच्या हातातल्या सँडविचकडे बघून कुंई कुंई करू लागली.

"बघा भवानीला! एवढा वेळ गेला, वर भूकही लागली. सुटली ती, बाई. उघडा दार."

बाईंचा हात दाराच्या कडीवर गेला. तिथेच राहिला.

"थोडा वेळ अजून," त्या म्हणाल्या.

लॉइडनं वाद घातला नाही. तो चाकाला टेकून खाली बसला, आणि सँडविच मिंटीला दिसणार नाही अशी पाठ करून खाऊ लागला.