बिब्बा उतला

ओसरीत कापूस, माजघरात कापूस, पाय ठेवायला जागा म्हणून नाही! साता समुद्रापार कुठं लढाई जुंपली आणि हिवरखेडच्या कपाशीला सोन्याचे दिवस आले. अकोल्याच्या बाजारात पोत्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून जो तो आपल्या पोत्यांवर बिब्ब्याच्या रसानं खूण घालायचा. काम मोठं वाईट. रस अंगाला लागला की उततो, फोड येतात, खाजून खाजून जीव नकोसा होतो. बाया या कामाला हातच लावायच्या नाहीत. या वर्षी मात्र धाकटी सून गोदा आपणहून म्हणाली, "मी घालतो खुणा."

जावेला वाटलं, बया खुळी झाली. खुळी कसली! गोदाच्या कोपराखाली एक फिकट चट्टा आला होता. चुलीतला निखारा उडून त्यावर पडला, तो तिला जळक्या वासानं कळला. दुखलं काहीच नाही. गेल्या साली माळ्याच्या कौशल्येला असाच चट्टा निघाला, तर महारोग म्हणून लोकांनी तिला नाल्यापलीकडच्या झोपडीत नेऊन टाकलं. भाकर दगडावर ठेवतात, पोर लांबून दाखवतात. गोदाची मैना तर अजून अंगावर पीत होती. तिला सोडून राहायचं? त्यापेक्षा बिब्बा परवडला! चट्टा फोडांखाली झाकायचा म्हणून खुणा घालता घालता गोदानं रसात बुडवलेली काडी चट्ट्यावरून आणि आजूबाजूला चांगली फिरवली.

बिब्बा असा उतला की विचारू नका. हात सुजला, फोड फुटले, पाणी गळायला लागलं. घराला कारण मिळालं, पण गोदा पुरती अडकली. जिकडं जावं तिकडं कोणी ना कोणी बघतंय. दिसलं माणूस की कण्हायचं, हाताला धक्का लागला की किंचाळायचं. चट्ट्याच्या कडेनं आग होत होती, ती खरीच होती. मधे मात्र काही म्हणता काही नव्हतं.

मग सासू पार्बताबाई तीळ-खोबरं वाटून लेप घेऊन आली. बाहेर ओसरीवर गोदाचा नवरा जानराव व्यापाऱ्याशी बोलत होता. सासूनं दार लोटलं आणि हात खिडकीच्या उजेडात ओढला.

"चारी बाजूनं ओरबाडलं तुनं," ती म्हणाली. "मधातच काहून नाही?"

गोदानं हात मागं घ्यायला पाहिलं. "तिथं लई दुखते, आत्याबाई. बोट लावू देत नाही."

"असं काय? अवो, मैना पाह्य, कापूस खाऊन राहिली!"

गोदा घाबरून वळली. मैना तर नुसती रांगत होती. गोदानं पुन्हा हाताकडं पाहिलं, तर सासूचं नख मधल्या फोडात रुतलेलं होतं आणि रक्त आलं होतं. तिला पत्ताच नव्हता!

आपलं आता संपलं, असं गोदाला वाटलं.

"माह्या मायचं असंच होतं," सासू पुटपुटली. तेवढ्यात ओसरीवरचं बोलणं थांबलं. तिनं दाराकडं पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ओरड."

"आँ?"

"लेप लावून राहिली ना मी? ओरड, बाई, ते ऐकून राहिले!"

गोदा ओरडली. इतक्या दिवसांची भीती त्यात निघाली.

"हळू लाव ना वं माय!" बाहेरून जानराव म्हणाला, आणि व्यापारी हसला.

सासूनं अख्खा हात चिंधीनं बांधला. "सुकला की मी पुन्हा बिब्बा लावीन. कोणी तुले घरातून काढणार नाही, मी आहो."

गोदा रडत रडत तिच्या पाया पडायला वाकली. सासू पदर आवरून मागं सरकली. मग तिनं मैनेला उचललं. पोर आईकडं झेपावलं, सासूनं ते घट्ट धरलं.

"हिले आता शेळीचं दूध," ती म्हणाली. "तू शिवू नको. बिब्बा लागते, म्हणू सगळ्याइले."

मैनेनं भोकाड पसरलं. गोदा भिंतीला टेकून बसली आणि आपसूक पुढं जाणारे दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले.