पारेहुइयाची पहिली दाढ

होकिआंगाच्या खाडीवर एकदा धुकं उतरलं की चार-चार दिवस हलत नाही. त्या आठवड्यातही तसंच झालं. शाळेच्या पटांगणात उभी असलेली दातांच्या दवाखान्याची पांढरी गाडी त्या पांढऱ्यात पार विरघळून गेली होती. मुलं चाचपडत यायची. आधी आवाज यायचा, मग चेहरा. आत बसलेल्या पारेहुइयाला वाटायचं, ही गाडी जमिनीवर नाहीच, भरतीच्या पाण्यावर सुटलीय.

ती बावीस वर्षांची. ऑकलंडला तीन वर्षं शिकून मुलांच्या दातांची थेरपिस्ट झाली आणि आपल्याच खाडीकाठी नोकरीला आली. दात भरायला तिचा हात चांगला होता. पण दाढ काढायची म्हटलं की तो गार पडायचा. कॉलेजात तिने काढल्या होत्या त्या दोनच, आणि दोन्ही वेळा खांद्यामागे सर उभे होते. इथे खांद्यामागे खिडकी होती आणि खिडकीत धुकं.

नोकरीला लागून पाच आठवडे झाले होते. तेवढ्यात तिने तीन मुलांच्या काढायला हव्यात अशा दुधाच्या दाढांवर तात्पुरतं सिमेंट लावून मुलांना परत पाठवलं होतं. ‘पुढच्या महिन्यात बघू,’ असं तिने कागदावर लिहिलं होतं. खरं कारण लिहायला रकाना नव्हता.

बुधवारी सकाळी त्यातलीच एक मुलगी परत आली. केरीआना, सात वर्षांची. आजोबांच्या जाकिटात तोंड खुपसून.

“तीन रात्री डोळ्याला डोळा नाही हिच्या,” आजोबा म्हणाले. “तू म्हणालीस, महिनाभर चालेल. चाललं नाही गं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं पारेहुइयाला वाटलं. तिने आरशाने पाहिलं. गालाला सूज नव्हती, पण दाढेला जरा धक्का लागताच पोरीने पाय आखडून घेतले.

“आजोबा, ही तेव्हाच काढायला हवी होती,” ती म्हणाली. “मी घाबरले. चूक माझी.”

आजोबांनी पोरीला जवळ घेतलं. “मग आता?”

“आता काढू. पण मला थोडा वेळ द्या. मी डल्सी मावशीला बोलावते.”

डल्सी मावशीने चाळीस वर्षं या खाडीकाठच्या पोरांचे दात सांभाळले होते. मार्चमध्ये ती निवृत्त झाली होती आणि पलीकडच्या काठावर राहत होती. फोनवर तिने एकच प्रश्न विचारला, “पोरीने सकाळी काही खाल्लंय का? नसेल तर भरव काहीतरी. मी फेरीबोटीने येते.”

आजोबांनी केरीआनाला दुधात भिजवलेला पाव चारला. तासाभराने धुक्यातून फेरीचा भोंगा आला, मग गमबुटांचा चपक-चपक आवाज, आणि मग मावशी.

“हातमोजे देऊ मावशी?” पारेहुइयाने विचारलं.

“मला कशाला? माझा परवाना संपला मार्चमध्येच. चिमट्याला बोट लावलं तर या वयात तुरुंगात नेतील मला, आणि तिथलं जेवण काही बरं नसतं म्हणे.” तिने स्टूल ओढलं आणि पोरीच्या उशाशी बसली. “काढणार तू. मी नुसती बसणार.”

पारेहुइयाने हातमोजे आपल्याच हातांत चढवले. मावशीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती पोरीशीच बोलायला लागली.

“तुझी आई लहानपणी या गाडीला काय म्हणायची, माहितीय? खाटीकखाना! मला बघितलं की तिवरांत जाऊन लपायची. गुडघाभर चिखलात जाऊन मी ओढून आणायचे तिला.”

“आई रडायची?” केरीआनाने विचारलं.

“आई चावायची.”

पोर हसली, आणि हसता हसता तोंड उघडलं. पारेहुइयाने हिरडीला औषध चोळलं, थांबली, मग सुई अगदी सावकाश टोचली.

“आता तुझी दाढ झोपेल,” ती म्हणाली.

“मी पण झोपू?”

“झोप की.”

गालाखाली दाढ सुन्न होत गेली, ओठ जड झाला, पोरीचे डोळे अर्धे मिटले. बाहेर कुठेतरी भरतीचं पाणी चढत होतं. पारेहुइयालाही क्षणभर वाटलं, आपण स्वप्नातच आहोत, आणि स्वप्नात हात थरथरत नाहीत.

“घाई नको, बाय,” मावशी हळूच म्हणाली. “ओढू नकोस. नुसतं बाहेरच्या अंगाला कलव. हाड जागा देतं. वाट बघ.”

तिने कलवलं. वाट पाहिली. मग आतल्या अंगाला. हाताखाली काहीतरी अलगद सुटलं, चिखलातून पाय निघावा तसं. दाढ चिमट्यात होती, मुळांसकट. केरीआनाने डोळे उघडून विचारलं, “कधी काढणार?”

आजोबांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं.

ती दोघं गेल्यावर पारेहुइया पायरीवर बसून रडली. मावशीने तिला रडू दिलं.

“तू मला वेड्यात काढशील,” पारेहुइया शेवटी म्हणाली.

“कशाला? माझ्या पहिल्या वर्षी आम्ही सहा जणी होतो, एका खोलीत. एक अडली की दुसरी उठून यायची. तुला एकटीला गाडीत बसवलंय. शिकून झालं म्हणजे शिकणं संपलं, असं वरच्यांना वाटतं. त्यांना सांग की!”

“काय सांगू? मला येत नाही म्हणून?”

“येतं. आज आलंच. पण शेजारी कुणी नसलं तर पुढच्या वेळी पुन्हा सिमेंट लावशील. हेच लिही.”

तिने तेच लिहिलं. तीन मुलांची नावं लिहिली, आपण काय टाळलं ते लिहिलं, आणि निदान सहा महिने आठवड्यातून एक दिवस अनुभवी माणूस शेजारी हवं असं मागितलं. ऑफिसातून दहा दिवसांनी उत्तर आलं. सहा महिने जमणार नाही, तीन महिने जमेल. आठवड्याला नाही, पंधरवड्याला एक मंगळवार. शिवाय टाळल्याबद्दल चार कडक ओळीही होत्या. त्या तिने दोनदा वाचल्या, कारण त्या खऱ्या होत्या.

उत्तराची वाट न बघता उरलेल्या दोन मुलांच्या घरी तिने आधीच फोन केले होते. एकीची आई चिडली आणि तिने फोन आपटला. दुसऱ्याचे वडील म्हणाले, “शुक्रवारी आणतो.”

शुक्रवारी ऊन पडलं. खाडीपलीकडचे वाळूचे डोंगर पिवळेधमक दिसत होते. तो मुलगा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा पारेहुइयाने खुर्ची खाली घेतली आणि म्हणाली, “ये. आधी सांग, सकाळी काय खाल्लंस?”