मागचा सेन्सर

कासम मिस्तरीला इंजिनाबद्दल कुणी शिकवायला गेलं की त्याचं डोकं फिरायचं. शिरूरात तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस तो. सायलेन्सरपाशी वाकून नुसता वास घ्यायचा आणि गाडी पेट्रोल जास्त पितेय की कमी, ते सांगून मोकळा व्हायचा. आणि खरं सांगायचं तर चुकायचाही नाही. म्हणूनच तर घात झाला.

दोन हजार नऊच्या दिवाळीत संघर्ष त्याची चंदेरी गाडी घेऊन आला. पोरगा रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर, गाडी सेकंडहँड पण परदेशी बनावटीची. स्टेअरिंगमागचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता, तो विझेना. कासमनं खाली शिरून पाहिलं तर मागचा सेन्सर गेलेला. या गाड्यांना असे दोन असतात. पुढचा धूर हुंगतो आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल वाढव नाहीतर कमी कर. मागचा, धूर साफ करणाऱ्या डब्याच्या पलीकडं बसवलेला, तो डबा काम करतोय का तेवढं बघत असतो. नवीन मागवायचा तर पुण्याहून यायला आठ दिवस. संघर्षला पाडव्याला आईला घेऊन दौंडला बहिणीकडं जायचं होतं. कासम म्हणाला, पुढचा कमावता हाय, मागचा नुसता पहारेकरी, काढून टाकू. सेन्सर काढला, भोकात जुन्यातला एक बोल्ट आवळला, वायर आतल्या गालिच्याखालून ओढून काढली. दिवा तरीही विझेना, तेव्हा दिव्याचा बल्बच काढला. झालं काम.

महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. गाडी पेट्रोल ढोसतेय, सिग्नलला उभी केली की इंजिन वरखाली होतंय. कासमनं प्लग काढले तर काजळीनं काळे ठिक्कर. मागचा पहारेकरी दिसेना म्हणून कॉम्प्युटरनं पुढच्यावरचाही भरवसा सोडला आणि आंधळ्यासारखा पेट्रोल ओतत सुटला होता. कासमला ते कळायला पाहिजे होतं. त्यानं प्लग घासले, एअर फिल्टर झटकला आणि पेट्रोलपंपवाल्यांना चार शिव्या हासडल्या.

जाताना संघर्ष जरा घुटमळला. तोंडातली तंबाखू बाजूला थुंकून म्हणाला, “चाचा, एक इचारू? आईला गाडीत आबा दिसत्यात.”

आबा म्हणजे त्याचा बाप, म्हाळू. रेल्वेत गँगमन होता दौंडला, वारून दोन वर्षं झाली होती. संघर्षनं सगळं सांगितलं. दर रविवारी दौंडला बहिणीकडं, सीमाकडं जाताना आई मागं बसते, थंडीमुळं शाल गुंडाळून, मागच्या काचा बंद. निमोणे मागं पडलं की बोलायला लागते. शेजारी आबा बसलेले असतात. भीमेच्या पुलावर संघर्ष हवेसाठी सगळ्या काचा खाली घेतो, आणि आबा तिथंच उतरून जातात. मग आईचं डोकं दुखतं, सीमाकडं गेल्यावर ओकते, तरी पुढच्या रविवारी सकाळीच लुगडं नेसून दारात तयार.

गंमत बघा, हा म्हाळू जन्मभर भुताखेतांच्या विरुद्ध बोलणारा माणूस. बुद्धविहारात उभा राहून सांगायचा, मेलेलं माणूस परत येत नसतं, अंगारे-धुपारे बंद करा. कासमशी त्याची या विषयावर कितीदा तरी हुज्जत झाली होती. आणि आता तोच येऊन मागच्या सीटवर बसत होता म्हणे. संघर्षला कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

कासमनं गाडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच निमोण्याच्या रस्त्याला निघाला. इंजिनाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून काचा वर केल्या. पुढं एका बाभळीखाली गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि डोळे मिटून कान लावून बसला. जळक्या पेट्रोलचा थोडा वास होता, पण गॅरेजवाल्याला तो वास म्हणजे घरचाच. किती वेळ गेला कळलं नाही. अंग जड झालं, बरं वाटायला लागलं.

आणि मागून सुलतानबी म्हणाली, “काच खाली घ्या. मळमळतंय मला.”

त्याची बायको. सहा वर्षांपूर्वी गेलेली. कुठंही निघालं की गाडी लागायची तिला, आणि हेच वाक्य असायचं. बांगड्या वाजल्या. कासमनं मागं वळायचा प्रयत्न केला, मान वळेना. तिचं ऐकायची तीस वर्षांची सवय, तेवढ्या सवयीनं हात काचेच्या बटणाकडं गेला. गार वारा तोंडावर आला तेव्हा डोकं फुटायला आलं होतं. दार ढकलून तो रस्त्याकडेला पडला आणि भडाभडा ओकला.

शुद्ध आल्यावर गाडीखाली शिरला. त्यानं आवळलेल्या बोल्टभोवती काजळी साचली होती, आट्यांतून धूर फुसफुसत होता. त्याच्या बरोबर वर गाडीच्या तळाला, वायर काढली तिथं, रुपयाएवढं भोक. त्यातलं रबर त्यानं परत बसवलंच नव्हतं. कच्चं पेट्रोल जाळून जाळून साफ करणारा डबाही मेला होता. जो वायू माणसाला मारतो त्याला वासच नसतो, हे कासमला ठाऊक होतं. तरी तीस वर्षं तो नाकाच्या भरवशावर होता. संघर्ष तंबाखू थुंकायला आपल्या बाजूची काच थोडी उघडी ठेवायचा, म्हणून वाचला. म्हातारी मात्र दर रविवारी त्या भोकावर पाय ठेवून बसत होती.

म्हाळूला त्या सीटवर आणून बसवणारा आपणच, हे त्याला तिथं मातीत पडल्या पडल्या कळलं. त्याला रडू आलं. आणि खोटं कशाला बोला, त्याच रडण्यात एक हाव पण होती. काच वर करावी, पाचच मिनिटं बसावं, या खेपेला मान वळवून तिचं तोंड बघावं. हात दाराच्या कडीवर गेलाही होता. मग चारी काचा खाली घेऊन त्यानं गाडी शिरूरला आणली.

पुण्याहून सेन्सर येईपर्यंत गाडी हलू दिली नाही. सेन्सर बसवला, डबा बदलला, भोकात रबर ठोकलं, दिव्याला बल्ब लावला. संघर्षला खरं काय ते सांगून टाकलं, हात जोडून. पोरानं मागचा गालिचा उचलून भोकातलं रबर बोटानं दाबून बघितलं. मग किल्ली घेऊन गेला.

रविवार झाला. सोमवारी संघर्षची आई, पार्वतीबाई, एकटीच चालत गॅरेजवर आली. कासमनं स्टूल पुसून दिलं. ती बसली, टायरांच्या ढिगाकडं बघत राहिली.

“काल कुनी नव्हतं गाडीत,” ती म्हणाली.

“न्हाई येनार आता, वैनी. ते इषारी हवेनं दिसत हुतं. माझी चूक हुती. तुमचा जीव गेला असता.”

“संघर्ष म्हनला, तुमाला बी दिसली सुलतानबी.”

“दिसली न्हाई. आवाज आला.”

“काय म्हनली?”

“काच खाली घ्या म्हनली.”

पार्वतीबाईनं मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“आमचे म्हनायचे, दमलीस, पड जरा. डोळं मीट, मी हाय हितं. मी म्हनायची, पूल येऊ द्या, मग बघू. दर खेपंला पूल यायचा.” ती थांबली. “कालच्या ऐतवारी मिटनार हुते मी, कासमभाऊ. पोराला पुलावर काचा उघडू नको म्हनून सांगितलं बी हुतं.”

कासमनं स्टूल पुसलेलं फडकं खाली ठेवलं.

“तुमच्या बायकूनं मला वाचवलं म्हना,” ती उठत म्हणाली. “पर मला कुनी इचारलं न्हाई.”

त्या गाडीत ती परत बसली नाही. दौंडला जायचं तर एसटीनं जाते. शेजारची जागा मोकळी दिसली म्हणून कुणी बसायला लागलं, की आधी जरा नाराज होते आणि मग सरकून घेते.